वाडीला जायचंय ना, मग इंजिन आत्ताच उतरवू नका

सांगलीजवळच्या एका ताईंचं पत्र आलंय. चांगलं चार पानी आहे, थोडक्यात सांगतो. वडिलांची १९६८ ची फियाट ११०० डिलाइट, पहिल्या दिवसापासून याच घरात. वडील ऐंशी पूर्ण करतायत, मार्गशीर्षात सहस्रचंद्रदर्शन आहे, आणि ताईंच्या मनात आहे की इंजिन नवंकोरं करून बाबांना त्यांच्याच गाडीतून नृसिंहवाडीला दत्तदर्शनाला न्यायचं, तेही सरप्राइज म्हणून. गाडी सकाळी चालू केली की निळसर धूर मारते, मग धूर कमी होतो. गरम झाली की उभ्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो. बाबांनी तीन वर्षांपूर्वी गाडी चालवणं सोडलं, तेव्हापासून पंधरा दिवसातून एकदा अंगणातच पाच मिनिटं चालू करून बंद करतात. आता दुकानं. पुण्यातल्या एका रिस्टोरेशन स्टुडिओने फोटो आणि व्हिडिओ बघून 'फुल रीबिल्ड' सांगितलंय, २ लाख ६० हजार, चार महिने, निम्मे पैसे आधी. गावातले मिस्त्रीकाका चाळीस वर्षं हीच गाडी बघतायत, ते म्हणतात ४५ हजारात हाफ इंजिन करू, पंधरा दिवसात गाडी घेऊन जा, पण काकांचं वय ७४ आणि हात थरथरतो. दिराचं म्हणणं तिसरंच, मुंबईहून भंगारात गेलेल्या पद्मिनी टॅक्सीचं इंजिन आणा, नाहीतर सरळ मारुतीचं बसवा, कटकट संपली. ताईंचा प्रश्न असा की यातलं सगळ्यात भरवशाचं दुकान कोणतं, आणि काकांना न दुखवता गाडी पुण्याला कशी द्यायची. आणि ता.क. मध्ये ऑइलचं एक विचारलंय, त्याकडे शेवटी येतो.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला गाडी दिसली, दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही दिसलात, म्हणजे तीन पुरुष तीन बाजूंनी आकडे सांगतायत आणि तुम्ही मध्ये उभ्या. स्टुडिओवाल्याने फोनवर "साहेबांशी बोलणं करून द्या" म्हटलं असं तुम्ही लिहिलंय, तुमच्या नवऱ्याला बॉनेट कुठून उघडतं तेही माहीत नाही हेही लिहिलंय, मला हसू आलं आणि रागही आला. तेव्हा पहिलं काम एवढंच, यापुढे गाडीबद्दलचं सगळं बोलणं तुम्ही स्वतः करायचं. जो माणूस तुम्हाला माप समजावून सांगायला तयार नाही त्याचं दुकान कितीही चकचकीत असू दे, ते यादीतून बाद.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंत दुकान कोणतं, पण इंजिन काढायचंच आहे हे कोणी ठरवलं? स्टुडिओने व्हिडिओ बघून ठरवलं. काकांनी आवाज ऐकून ठरवलं. कोणी गेज लावलं का? पत्रात तरी तसं काही नाही. आणि तुम्ही जी लक्षणं लिहिली आहेत ती वाचून मला तरी पहिला संशय पिस्टनच्या रिंगांवर येत नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी चालू करताना भसकन निळा धूर मारते आणि मग धूर कमी होतो, याचा अर्थ बऱ्याचदा असा असतो की व्हॉल्व्हची गाइडं (व्हॉल्व्ह ज्यात वरखाली होतो त्या नळ्या) झिजली आहेत आणि वरचं ऑइल रात्रभर हळूहळू खाली उतरलंय. रिंगा गेल्या असत्या तर चढाला, ॲक्सिलरेटर दाबल्यावर, सतत धूर दिसला असता, ऑइल भरायच्या झाकणातून आणि ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) भका येत राहिल्या असत्या. गाइडचं काम म्हणजे फक्त हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवायचं काम, ब्लॉक (खालचा मुख्य भाग) जागचा हलत नाही. या इंजिनाला ओव्हरहेड व्हॉल्व्ह आहेत पण कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळे हेड काढणं-घालणं जाणत्या माणसाला एका दिवसाचं काम आहे. खर्च फुल इंजिनाच्या जवळपासही जात नाही.

अर्थात पत्रावरून मी निदान करणार नाही, मला ते जमत नाही आणि कोणालाच जमू नये. टेस्ट करून घ्या. गाडी नीट गरम करायची, चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून प्रत्येक सिलिंडरला कॉम्प्रेशन गेज लावायचं आणि चार आकडे कागदावर लिहायचे. मग प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत तेच. दुसऱ्यांदा आकडा चांगला वर गेला तर रिंगा किंवा बोअर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ते भोक) झिजलेत, कारण ऑइलने तात्पुरती फट बुजवली. आकडा हलला नाही तर हवा वरून जातेय, म्हणजे व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट. चार आकडे एकमेकांच्या जवळ असतील आणि एकच बिचारा मागे पडला असेल तर तेही कळतं. तासाभराचं काम, शे-पाचशे रुपये, आणि कोणत्याही गॅरेजला गेज असतं. मला कमाल याची वाटते की अडीच लाखाचं कोटेशन देणारे लोक हे करत नाहीत!

लाल दिव्याचं तसंच. दिवा लुकलुकला म्हणजे बेअरिंगं गेली असं गावातला प्रत्येक माणूस सांगेल. गेली असतीलही. पण या गाड्यांना आकडा दाखवणारा मीटर नाही, नुसता दिवा, आणि दिव्यामागे एक छोटा स्विच असतो, तो पन्नास वर्षांचा झाला की तोही खोटं बोलतो. त्या जागी काट्याचं गेज तात्पुरतं जोडून गरम इंजिनाचं खरं प्रेशर बघा, मग बोला. शिवाय तीन वर्षं गाडी अंगणातच पाच मिनिटं चालू करून बंद करताय, याने गाडीचं भलं होत नाही, नुकसान होतं. इंजिन पुरतं गरम होत नाही, आत बाष्प धरतं, थंड इंजिनाला जादा जाणारं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि पातळ ऑइलला गरम झाल्यावर प्रेशर कुठून येणार. त्यामुळे टेस्टच्या आधी ऑइल बदला, गाडी माधवनगर, बुधगाव अशी अर्धा-पाऊण तास फिरवून आणा, आणि मग गेज लावा. ब्रेक आधी बघून घ्या म्हणजे झालं, तीन वर्षं उभ्या गाडीचा व्हील सिलिंडर धरतो.

समजा टेस्ट केली आणि खरंच इंजिन काढावं लागतंय असं निघालं. मग दुकान. इथे तुमच्या प्रश्नातच एक गृहीत धरलेली गोष्ट आहे, की इंजिन एक दुकान करतं. नाही करत. गॅरेज इंजिन उतरवतं आणि परत बांधतं. मधलं जे खरं काम आहे, बोअरिंग, होनिंग (बोअर आतून दगडाने घासणं), क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ग्राइंडिंग, गाइड-सीट, हेड फेसिंग, ते मशीन शॉपमध्ये होतं, आपल्याकडे ज्याला सरसकट लेथवाला म्हणतात तिथे. पुण्याचा स्टुडिओ असो की तुमचे काका, दोघंही बहुतेक ब्लॉक टेम्पोत घालून कुठल्यातरी मशीन शॉपलाच पाठवणार. म्हणून स्टुडिओला विचारायचा पहिला प्रश्न पैशाचा नाही, "तुमचा ब्लॉक बोअर कोण करतो आणि मला तिथे येऊन बघता येईल का". इथे उत्तर गुळमुळीत आलं की समजा वरचे लाखभर रुपये सोफ्याचे आणि कॉफी मशीनचे आहेत.

हे मी अनुभवाने सांगतोय, शहाणपणाने नाही. माझी १९८४ ची पद्मिनी होती, २००९ साली तिचं फुल इंजिन केलं, एका मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या गॅरेजमध्ये, नाव घेत नाही. त्यांनी ब्लॉक आधी बोअर करून आणला आणि पिस्टन नंतर शोधायला निघाले. पिस्टन आले दुसऱ्याच कुठल्या लॉटचे, डब्यावर साइज तीच पण मायक्रोमीटर लावला असता तर कळलं असतं की थोडे लहान आहेत. लावला कोणी नाही. पिस्टन आणि बोअरमधली फट माणसाच्या केसापेक्षा बारीक लागते, तिथे केसभर इकडंतिकडं म्हणजे सगळंच गेलं. आठशे किलोमीटरवर थंड इंजिनात पिस्टन खडखड वाजायला लागले, बाराशेवर धूर. गॅरेजवाला म्हणाला लेथवाल्याची चूक, लेथवाला म्हणाला मला जे माप सांगितलं ते मी केलं, आणि दोघांचंही खरं होतं कारण कागदावर कुठेच काही लिहिलेलं नव्हतं. मी दोघांच्या मध्ये स्कूटरवरून सहा महिने फिरलो. शेवटी ब्लॉकला स्लीव्ह (बोअरच्या आत बसवायची नवी नळी) घालून परत सगळं पहिल्यापासून केलं. तेव्हापासून मला दुकानाच्या पाटीचा मोह राहिलेला नाही, मी फक्त एवढंच बघतो की हा माणूस मोजतो का, आणि मोजलेलं लिहून देतो का.

तुम्ही सांगलीत आहात ही खरं म्हणजे चैन आहे. पन्नास किलोमीटरवर कोल्हापूर आहे. शिवाजी उद्यमनगरातून चक्कर मारून या, फौंड्री आणि मशीन शॉपची परंपरा तिथे पिढ्यानपिढ्याची आहे, ऑइल इंजिनं आणि त्यांचे पार्ट बनवत आलेली माणसं आहेत ती, फियाटचा ६८ मिलिमीटरचा बोअर त्यांच्यासाठी फार मोठी गोष्ट नाही. पुण्याला सव्वादोनशे किलोमीटर गाडी ट्रकवर चढवून न्यायची काही गरज मला दिसत नाही. मी मुद्दाम दुकानाचं नाव देत नाही, कारण दुकान म्हणजे तिथला एखादा माणूस असतो, तो माणूस गेला की पाटी तीच राहते आणि काम बदलतं. तुम्ही स्वतः जा, दोन-तीन शॉप बघा, आणि गप्पा मारताना डोळे उघडे ठेवा. बोअर गेज कुठे आहे, भिंतीवर लटकून धूळ खातंय की मशीनजवळ फडक्यात गुंडाळलेलं आहे. दुसऱ्यांचे क्रँक कसे ठेवलेत, उभे की लाद्यांवर आडवे एकावर एक (आडवा टाकलेला क्रँक बघितला की मी चहा न पिताच निघतो). ब्लॉक धुवायची काय सोय आहे, कारण होनिंगनंतर बोअरला जो बारीक दगडाचा चुरा चिकटतो तो साबणाच्या गरम पाण्याने ब्रशने घासून काढावा लागतो, नुसतं डिझेल मारून चालत नाही, तो राहिला की नव्या रिंगा पाचशे किलोमीटरात जुन्या. हेडला पाण्यात प्रेशर टेस्ट करतात का. पन्नास वर्षं साधं नळाचं पाणी रेडिएटरमध्ये घातलं की ॲल्युमिनियमचं हेड आतून खातं, वरून छान दिसतं आणि बसवल्यावर गळतं.

आणि त्यांना विचारा, "माझा ब्लॉक आत्ता कितीवर आहे?" चांगला माणूस म्हणेल उघडून मोजल्याशिवाय सांगत नाही. बोअर झिजला की तो थोडा मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात, दुकानाच्या भाषेत दहा, वीस, तीस, चाळीस, म्हणजे इंचाचे तितके हजारावे भाग. प्रत्येक बोअरिंगला ब्लॉकचं थोडं आयुष्य खर्ची पडतं, टप्पे संपले की स्लीव्ह घालून परत स्टँडर्डवर यायचं. स्लीव्ह घातली म्हणजे इंजिन बाटलं असं काही नाही, नीट घातलेली स्लीव्ह जन्मभर जाते. तुम्ही लिहिलंय बाबांची डायरी आहे, पेट्रोल, किलोमीटर, पंक्चर सगळं तारीखवार. ती डायरी आधी चाळा. कुठेतरी 'रिबोर', 'वीसचे पिस्टन', 'क्रँक टर्न केला' असं सापडेल. ही एक ओळ सापडली तरी ती स्टुडिओच्या सगळ्या व्हिडिओपेक्षा जास्त कामाची आहे, क्रँकचंही तेच, त्यालाही ग्राइंड करायचे ठरलेले टप्पे असतात आणि बेअरिंग त्या मापाचं मिळालं तरच ग्राइंडिंगला अर्थ. म्हणून क्रम पक्का ठेवा, आधी मोजणं, मग पिस्टन आणि बेअरिंग हातात, आणि मगच मशीनवर ब्लॉक. पद्मिनी दोन हजार सालच्या आसपासपर्यंत बनत होती आणि मुंबईची टॅक्सी होती म्हणून पार्ट अजून फिरतात, पुण्याला नाना पेठ, मुंबईला कुर्ला, ऑपेरा हाऊस, जुने डीलर, कोणाच्या तरी माळ्यावरचा डबाबंद माल. पण दर वर्षी ते कमी होतायत, आणि नव्या छपाईच्या डब्यात काय निघेल सांगता येत नाही, म्हणून मायक्रोमीटर.

दिरांच्या आयडियाबद्दल. टॅक्सीचं इंजिन बसेल हे खरं, घराणं एकच आहे, तेच १०८९ सीसी. पण त्या टॅक्सी मुंबईत दिवसरात्र चालल्या, पुढे सीएनजीवर गेल्या, २० वर्षं वयाची अट लागून ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनीही परवान्यातून बाद झाली. भंगारातलं इंजिन म्हणजे दुसऱ्या कोणाचं तरी थकलेलं इंजिन, तुमचं निदान वडिलांच्या हातचं तरी आहे. स्पेअर म्हणून, क्रँकसाठी किंवा हेडसाठी, स्वस्तात मिळालं तर घेऊन ठेवा, त्यात वाईट काही नाही. गाडीत बसवाल तर मात्र इंजिन नंबर बदलला, आरसी बुकाशी जुळेना, आरटीओकडे नोंद करणं आलं आणि ते इंजिन कुठून आलं याचा कागद दाखवणं आलं. मारुतीचं बसवाल तर आणखी एक दार बंद होतं. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांवरच्या खासगी गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं, पण ती मूळ रूपात असावी लागते, चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल केलेला चालत नाही. तुमची १९६८ ची, म्हणजे वयाने केव्हाच पात्र. अर्थात त्या नोंदणीलाही घाई करू नका, व्हिंटेज म्हणून नोंदवलेली गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची असा नियम आहे. वाडीचं दर्शन त्यात कुठे बसवायचं ते दत्तमहाराजच जाणोत. पण दार उघडं ठेवायला काय हरकत आहे, पुढे तुमच्या मुलांना वाटलं तर. म्हणजे जो काही निर्णय घ्याल त्यात मूळ ब्लॉक घरातून जाऊ देऊ नका, कोणी "एक्स्चेंज" म्हणाला तरी.

आता काका. मला वाटतं तुमच्या पत्रातला खरा गुंता हाच आहे, बाकी सगळं पैशाचं आहे. तुम्ही असं धरून चाललाय की एकतर काम काकांना द्यायचं नाहीतर काकांपासून लपवायचं. पण त्यांचा हात थरथरतो, कान थरथरत नाही ना! चाळीस वर्षं ते इंजिन ऐकलेला माणूस आहे तो, कुठला बोल्ट आटे गेलेला आहे आणि कुठल्या साली त्यांनीच तो कसा निभावून नेला हे त्यांच्याशिवाय जगात कोणाला माहीत नाही. त्यांचा मुलगा गॅरेज बघतो असं तुम्ही लिहिलंय, नव्या गाड्या करतो, स्कॅनर वगैरे आहे. म्हणजे टॉर्क रेंच नक्की आहे. मग इंजिन त्याच गॅरेजमध्ये उतरू दे, काकांसमोर उघडू दे, ब्लॉक-क्रँक-हेड तुम्ही आणि काका दोघं मिळून कोल्हापूरला घेऊन जा, माप तिथे लिहून घ्या, आणि परत बांधताना हात मुलाचा आणि खुर्चीवर बसून नजर काकांची. काकांना जाऊन हे असंच सांगा, "काका, मशीनचं काम कोल्हापूरला करूया, तुम्ही बरोबर चला, मला त्यातलं कळत नाही." तुम्हाला वाटतंय ते दुखावतील. मला उलट वाटतं, त्यांनी ४५ हजार आणि पंधरा दिवस हा आकडा जो सांगितला तो तुमचं काम दुसरीकडे जाऊ नये म्हणून सांगितला, पंधरा दिवसात नीट इंजिन होत नाही हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहितीय. आणि ते जे हाफ इंजिन म्हणतात, म्हणजे बोअर न करता नुसत्या रिंगा आणि बेअरिंग बदलायची, ते बोअर मापात असेल तर अगदी योग्य काम आहे, बोअर लंबगोल झाला असेल तर रिंगांचे पैसे पाण्यात. परत तेच, मोजल्याशिवाय हाफ की फुल हे ठरत नाही.

स्टुडिओला मी सरसकट वाईट म्हणत नाहीये. कोणी दुबईत किंवा बंगळुरूला राहत असेल, गाडीकडे बघायला इथे कोणी नसेल, पत्रा-रंग-अपहोल्स्ट्री सगळंच करायचं असेल तर एका छताखाली देणं बरं पडतं, त्याचे पैसेही द्यावेत. तुमच्यासारखी पत्रं मला अधूनमधून येतात त्या सगळ्यांना सांगतो, कुणालाही काम द्या पण तीन टप्प्यात द्या. पहिला टप्पा फक्त उघडणं आणि मोजणं, त्याची वेगळी मजुरी, आणि लेटरहेडवर मापं. मापं बघून दुसरा टप्पा, कोणते पार्ट, कोणाचे, किती. मग काम. "उघडल्यावर कळेल" हे वाक्य प्रामाणिक आहे, त्यावर चिडू नका, फक्त एवढं विचारा की उघडल्यावर जे कळेल ते मला कळवून माझा होकार घेऊन पुढे जाणार ना. न उघडता जो फुल रीबिल्डचा पक्का आकडा सांगतो त्याने सगळ्यात वाईट परिस्थिती धरून तुमच्याकडून पैसे घेतलेत. निम्मे पैसे आधी कशाला? पार्टचे पैसे पार्ट आल्यावर, त्याचं बिल बघून. जुने पार्ट सगळे परत मागायचे, जुना पिस्टनसुद्धा, त्याच्यावरचे चरे बरंच काही सांगतात (आणि पेनस्टँड छान होतो). बेअरिंगच्या कॅप आपापल्या जागीच परत बसल्या पाहिजेत, या इंजिनाला क्रँकच्या तीनच मेन बेअरिंग आहेत, तेव्हा त्यावर पंचने खूण करताना तुम्ही फोटो काढून ठेवा. आणि गॅरंटी किती महिने असं विचारू नका, विचारा की पाचशे किलोमीटरनंतर ऑइल बदलून, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावून, हेड परत टाइट कोण करून देणार. या प्रश्नाचं उत्तर जो पटकन देतो त्याला इंजिन परत येतं हे माहीत असतं.

हे सगळं धरून महिने मोजा. मार्गशीर्षाला तुमच्या हातात जेमतेम दहा आठवडे. त्यात पार्ट शोधणं, मशीन शॉपची रांग, मध्ये दिवाळी, त्या आठवड्यात कारागीर भेटत नाही. आणि समजा सोहळ्याच्या आदल्या रात्री इंजिन तयार झालंच, तरी कोरं इंजिन घेऊन, ज्याची रिंग अजून बसलेली नाही, ज्याचं एक गॅस्केट कुठून गळेल कळत नाही, त्यात ऐंशी वर्षांच्या माणसाला बसवून तुम्ही निघणार? पूर्वी लोक नव्या गाडीच्या मागच्या काचेवर 'रनिंग इन' लिहून महिनोन् महिने हळू हिंडायचे ते काही हौस म्हणून नव्हे. पहिले पाचशे किलोमीटर पन्नासच्या आत, स्पीड कमीजास्त करत, उभ्या गाडीत फार वेळ चालू न ठेवता. वरातीच्या गर्दीत हे जमत नाही.

तर माझं म्हणणं असं. वाडी तुमच्यापासून वीस-बावीस किलोमीटर, रस्ता सपाट, घाट नाही. आत्ता जी गाडी आहे ती निळा धूर मारत का होईना, चाळीसच्या स्पीडने जाऊन येईल. ब्रेक, टायर, रेडिएटरचे पाइप, फॅन बेल्ट, पॉइंट-कंडेन्सर, कार्बोरेटर साफ, ऑइल, एवढं करा. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे नवे टाका, आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने फुगतं, चिरतं, गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकलं तर गाडीला आग लागते, हे काम मात्र इंजिन काढा न काढा, याच आठवड्यात करा. पाइप घेताना इथेनॉलला चालणारा द्या म्हणून सांगा. अट एकच, काट्याच्या गेजवर प्रेशर ठीक निघालं पाहिजे आणि खालून ठकठक आवाज नको. प्रेशर खरंच पडत असेल तर गाडी हलवू नका, त्या दिवशी भाड्याची इनोव्हा आणि फियाट दारात हार घालून उभी, बाबा फोटो काढतील. मोठं काम संक्रांतीनंतर निवांत.

आणि सरप्राइजचं तेवढं सोडून द्या ना. ज्या माणसाने छप्पन-सत्तावन्न वर्षं त्या गाडीच्या पंक्चरची तारीख लिहून ठेवली त्याच्यापासून तिचं इंजिन लपवून काय मिळणार? तुम्ही गाडी टेम्पोत चढवून नेली त्याच सकाळी त्यांना अंगण रिकामं दिसणार. त्यापेक्षा कॉम्प्रेशन टेस्टला त्यांना बरोबर घेऊन जा, काकांच्या गॅरेजात खुर्ची टाका, चार आकडे त्यांनाच डायरीत लिहू द्या. कदाचित ते म्हणतील नको करूस इंजिन, राहू दे अशीच. कदाचित म्हणतील, अगं त्र्याऐंशी साली बोअर केलंय, आता स्लीव्हच लागेल. दोन्ही उत्तरं तुमच्या कामाचीच आहेत, आणि गाडी अजून त्यांच्या नावावर आहे हेही पत्रात तुम्हीच लिहिलंय.

राहिलं ता.क. नवरोबांचं म्हणणं की महागाचं सिंथेटिक ऑइल घातलं की धूर थांबतो. नाही थांबत, उलट ते पातळ ग्रेडचं असलं तर झिजलेल्या गाइडातून जास्त उतरेल आणि जुन्या सीलांतून ठिबकेल. साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घाला, आपल्याकडच्या उन्हात या इंजिनाला ते मानवतं, लाल दिवाही थोडा शांत होईल, फक्त तो शांत झाला म्हणून गेज लावायचं टाळू नका. डिपस्टिक दर शंभर किलोमीटरला बघायची, सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी. किती ऑइल खाल्लं ते डायरीत लिहा, बाबांच्या शेवटच्या नोंदीखालीच. टेस्टचे चार आकडे आले की मला कळवा, कोरडे म्हणजे ऑइल सोडण्याआधीचे आणि ओले म्हणजे नंतरचे, दोन्ही.